जागा धरणारा

रिठद,
८ नोव्हेंबर २०२४

बाई, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार असशील, तर आधी पिंकीच्या हातात दे. सुनेनं वाचायला घेतलेलं पत्र हिसकावून फाडायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात माझं सांगून होईल.

मी कायमचा परत आलो. एकतीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढली, सप्टेंबरअखेर निवृत्त झालो, दिल्लीचं सरकारी घर सोडलं आणि दोन पेट्या घेऊन मायच्या घरात आलो. चार देशांत भारताची ओळख करून दिली मी. परक्या बायकांना ज्वारीची भाकर थापायला शिकवली, त्यांच्या पोरांना लेझीम शिकवलं, त्यांची वाद्यं आपल्याकडं आणून वाजवली. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून सरकार मला पोसत होतं. सख्खी बहीण अकरा वर्षं बोलत नाही, हे मात्र माझ्या कुठल्याच अहवालात आलं नाही.

वाटलं होतं, गावात उतरल्यावर चार माणसं जमतील. हार वगैरे नको, पण 'आला का रे' एवढं तरी कोणी म्हणेल. स्टँडवरच्या चहावाल्यानं न विचारता बिनसाखरेचा चहा पुढं केला. मी तसाच पितो, पण हे त्याला कोणी सांगितलं? तेवढ्यात ग्यानबा मोटरसायकलवरून आला. आपल्या शेजारचा, माझ्या वर्गातला ग्यानबा. न थांबता म्हणाला, "काय बे धम्या, पेट्या घेऊन कुठी चालला? कालच त मालेगावच्या बाजारात दिसला." काल मी नागपूरच्या विमानात होतो.

मी काय केलं असेल? हसलो आणि मान डोलावली. आमच्या धंद्यात दोनच नियम. यजमानानं पुढं केलेलं नाकारायचं नाही, आणि जे कळलं नाही त्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. हसून वेळ काढायचा, मग सवडीनं माहिती काढायची. या दोन नियमांवर मी एकतीस वर्षं निभावून नेली.

घर माय गेल्यापासून बंद. किल्ली ग्यानबाकडं. उघडून पाहिलं तर जमीन झाडलेली होती. ओसरीवर एक लाकडी खुर्ची उत्तरेकडं तोंड करून मांडलेली. ती आपली नाही, आपल्या घरात खुर्ची कधी नव्हतीच. सावलीत होती, तरी बसलो तेव्हा कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी गरम लागली.

संध्याकाळी ग्यानबा सावकाश बोलायला आला. म्हणाला, "मायच्या टायमाले तू आला, खांदा देल्ला. साहेब होऊन एवढं कोण करते? वैशाखात काया कोट घालून आलता. आमी गंज दिवस बोललो त्याच्यावर." वैशाखात काळा कोट? मी पुन्हा मान डोलावली.

बाई, मी आलो नव्हतो हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? वादळामुळं मी होतो तिथला विमानतळ तीन दिवस बंद होता, ते मी तेव्हाही कळवलं होतं. मग गावानं कोणाला पाहिलं? तू एकदा ये आणि या लोकांना सांग. मला सांगता येईना, कारण मी दोनदा मान डोलावून बसलोय. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

तुझा,
धम्मरत्न


रिठद,
१७ नोव्हेंबर २०२४

बाई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मला लिहायची सवय आहे, आणि उत्तर न येण्याचीही.

परवा शाळेत बोलावलं होतं. मुख्याध्यापिका साधना मॅडम घरी येऊन सांगून गेल्या, अकरा वाजता या, मुलांना राजदूताचं काम समजावून सांगा. राजदूत मी कधीच नव्हतो, दूतावासातला सांस्कृतिक अधिकारी होतो, पण गावाला तेवढं बारकं लागत नाही. पांढरा सदरा घालून पावणेअकराला पोचलो. मॅडम फाटकातच भेटल्या. "सर, काही विसरलं का? आत्ताच तर गेलात. पोरं अजून तुमचंच बोलून राह्यली."

वर्गात गेलो. फळ्यावर एक शब्द होता, खाली मराठीत 'पाहुणा' लिहिलेलं. वरची लिपी, माय गेली तेव्हा मी होतो त्या डोंगराळ देशाची. त्या देशाचं नाव तुला कधी उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. या जिल्ह्यात ती लिपी मला एकट्याला येते. अक्षरही माझंच होतं, शेवटची रेघ खाली ओढायची खोडही माझीच. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, सरांनी काय सांगितलं? ती उभी राहून म्हणाली, "दुसऱ्याच्या जागी बसून पाह्यलं का तो आपल्याले समजते." हे वाक्य मी तीस वर्षं प्रत्येक भाषणात वापरलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "कोट तेवढा काढायचा होता सर, किती उकडून राह्यलं." मी म्हणालो, चष्मा विसरलो होतो, तो न्यायला आलो. चष्मा माझ्या नाकावर होता. त्या चष्म्याकडं बघत राहिल्या. मी नमस्कार करून घरी आलो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. मे २०१३ मध्ये तुझा फोन आला, 'माय दोन-तीन दिवसांची सोबतीण, ये.' तेव्हा मी त्या देशात होतो आणि आमच्या मैत्री महोत्सवाची तयारी चालली होती. डोंगरातून आलेल्या गाणाऱ्या मंडळींत एक म्हातारा मेंढपाळ होता. माझा चेहरा पाहून त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांच्याकडं रिवाज आहे. घरात मरण टेकलं आणि घरचा माणूस लांब असला, की कोणीतरी त्याची जागा धरतो. त्याच्या घराच्या दिशेला तोंड करून खुर्चीत बसतो, त्याच्या नावाला ओ देतो. बसेल तितके दिवस मीठ खात नाही. म्हातारा म्हणाला, "तू काळजी करू नकोस. तुझी जागा मी धरतो." मी हसून मान डोलावली. दूतावासाच्या मागच्या अंगणात खुर्ची मांडून तो दक्षिणेकडं तोंड करून बसला.

एका भल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतो आहे, दुसरं काही नाही. पण आपल्या ओसरीवरची खुर्ची मी काल आत ओढून ठेवली होती. आज दुपारी जेवून बाहेर आलो तर ती परत तिथंच, उत्तरेकडं तोंड करून.

धम्मरत्न


कारंजा लाड,
२४ नोव्हेंबर २०२४

धम्या,

पिंकी लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. तिले म्हतलं, मी बोलते तसंच लिही, साहेबाच्या भाषेत करू नोको.

फोन करत जाऊ नोको. फोनवर आवाज कोणाचाबी राहू शकते.

तू म्हनते, मी आलो नव्हतो हे तुले ठाऊक हाय. हाव, ठाऊक हाय. अकरा वर्सं मले एकटीलेच ठाऊक व्हतं.

माय तीन दिवस दाराकडं पाहे. कोणाचा पाय वाजला का म्हने, धम्या आला. तिसऱ्या दिवशी बाराच्या टायमाले काया कोट घालून तू आला. बाहेर आग लागल्यावानी ऊन, अन् आंगाले घामाचा टिपूस नाही. बुटाले धूळ नाही. मले काई बोलला नाही. सिधा मायजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. माय म्हने, "पाह्य लिले, आला ना माहा धम्या." मी हात लावून पाह्यला त माठावानी थंड. मायले त्या उन्हात बरं वाटलं. तिनं मंग हात सोडलाच नाही.

मले कसं समजलं ते सांगते. तू तिले 'आई' म्हतलं. आपल्या घरात मायले कोणी आई म्हनत नाही. मंग मी ताट केलं, बेसन भाकर. तू बेसन बाजूले सारलं. म्हने, मीठ नको. लहानपणी मडक्यातले मिठाचे खडे चोरून खाये तू, त्याच्यासाठी मायचा मार खाल्ला. मी तुह्या तोंडाकडं निरखून पाह्यलं. नाक तेच, कपायावरची खोक तीच, पन आत कोणी नाही.

मी बोंबलली असती. पन माय हसून राह्यली व्हती. मरत्या मायले मी काय सांगू, तू ज्याचा हात धरला तो तुहा पोरगा नाही म्हून? मी गप बसली. चार वाजता माय गेली. त्यानं खांदा देल्ला, सगळ्या गावानं पाह्यलं. मंग सडकेनं उत्तरेकडं चालत गेला. मांगं वळून पाह्यलं नाही.

तू आला नाही याचा मले राग नाही. लोकायचे पोरं येत नाहीत. काई ना काई अडचण असते. पन तू कोणाले तरी पाठवलं. मायच्या मरणाले माणूस पाठवते का कोणी?

ते कोण व्हतं ते सांग. विमानतळाचं सांगू नोको.

लिला


रिठद,
२८ नोव्हेंबर २०२४

बाई,

तुझं पत्र चारदा वाचलं. म्हणून उत्तराला उशीर.

विमानतळाचं सांगू नको म्हणालीस, म्हणून सांगत नाही. बाकीचं सांगतो. मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती. म्हाताऱ्यानं माझी जागा धरताना माझ्या अंगावरचं काहीतरी मागितलं होतं. मी माझा बंद गळ्याचा काळा कोट काढून त्याच्या खांद्यावर घातला. चार लोक बघत होते, फोटोवाला होता, टाळ्या वाजल्या. दोन देशांतल्या समजुतीचा किती सुंदर प्रसंग, असं मी दुसऱ्या दिवशी टिपणात लिहिलंसुद्धा.

दुभाष्यानं मला बाकीचं नंतर सांगितलं. जागा धरणाऱ्याला उठवावं लागतं. ज्याची जागा त्यानं वर्षाच्या आत स्वतः यायचं, आपल्या हातानं त्याला मीठ चारायचं आणि म्हणायचं, ऊठ, मी आलो. आणखी एक वाट आहे. घरच्या माणसानं 'तू तो नाहीस' असं तोंडावर म्हटलं तरी त्याला उठावं लागतं. पण तसं कोणी म्हणत नाही म्हणे. रिकाम्या जागेपेक्षा बसलेला माणूस बरा वाटतो.

मी ऐकलं आणि विसरलो. म्हातारा तीन दिवस बसला, मग कोट आणि खुर्ची घेऊन डोंगरात परत गेला. तीन महिन्यांत माझी बदली झाली. त्या हिवाळ्यात कळलं की तो त्याच खुर्चीत, माझा कोट घालून बसल्या बसल्या गेला. मी दोन ओळींचं शोकपत्र पाठवलं. चांगलं उतरलं होतं ते.

तर काल दुपारी मी ठरवलं. दुकानातून मीठ आणलं, मूठभर कागदात बांधलं आणि घराकडं वळलो. विहाराच्या वळणावरून आपली ओसरी दिसते. खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. काळी कॉलर, वर माझं डोकं. स्वतःचं डोकं माणूस मागून कधी बघत नाही. मागं एवढं टक्कल पडलंय हे मला तेव्हा कळलं.

मी वळणावरच थांबलो. भर दुपारचे दोन वाजले होते, समोर तुरीच्या शेतात बाया बोलत होत्या, तरी पुढं गेलो नाही. तेवढ्यात ग्यानबा आला. आता तू कपाळावर हात मारशील. मी मिठाची पुडी ग्यानबाच्या हातात दिली आणि म्हणालो, ओसरीवर पाहुणा बसलाय, त्याला एवढं दे.

तो पाच मिनिटांत वैतागून परत आला. "काय खेळ लावला बे? तूच त व्हता खुर्चीवर. हातावर देल्लं त चाटून खाल्लं. म्हने, लय दिवसानं खाल्लं." आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "मंग तू अठी कसा?" मी हसलो. एवढं होऊनही मी हसलोच, बाई.

घरी आलो तर खुर्ची रिकामी होती. जेवायला बसलो तर भाजी अळणी. वरून मीठ घेतलं, आणखी घेतलं, शेवटी चमचाभर तसंच तोंडात टाकलं. माती खाल्ल्यासारखं वाटलं. लोणचं नुसतं आंबट लागतं. आजही तसंच आहे.

तो कुठं गेला मला माहीत नाही. काळा कोट घालून कोणी दारात आलं तर त्याला बसव, पाणी दे, पण जेवू घालू नकोस. मीठ तर मुळीच नको.

धम्या


कारंजा लाड,
३ डिसेंबर २०२४

मामाजी, जयभीम.

मी पिंकी. हे पत्र सासूबाईंना न सांगता लिहिते आहे, आणि कोणाला लिहिते आहे तेही मला नीट कळत नाही.

तुम्ही रविवारी दुपारी आमच्याकडं आलात. काळा कोट होता. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, आत घेईनात. मग स्वतः चुलीशी बसून बेसन केलं, मूठ भरून मीठ घातलं. मला तोंडात धरवत नव्हतं. तुम्ही सगळं खाल्लंत आणि आणखी मागितलंत. त्या पदर तोंडाला लावून रडल्या, मग हसायला लागल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तुम्ही अजून इथंच आहात. या क्षणी ओसरीवर बसला आहात आणि त्या तुम्हाला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत आहेत.

काल तुमचं २८ तारखेचं पत्र पोस्टानं आलं. मी ते तुमच्यासमोर धरलं. म्हटलं, मामाजी, तुमचंच आहे. तुम्ही म्हणालात, "राहू दे. तिला वाचून दाखवू नकोस." मी आत जाऊन एकटीनं वाचलं. तेव्हापासून मला ओसरीवर चहा घेऊन जायची भीती वाटते.

पण खरं सांगू? त्या इतक्या खुशीत आहेत की मला ते वाचून दाखवावंसं वाटत नाही. ओसरीवरचे ते कोणाला त्रास देत नाहीत. नुसते बसतात, ऐकून घेतात. तुम्ही रिठदला असाल तर सांगा, मी काय करू?

पिंकी


रिठद,
६ डिसेंबर २०२४

पिंकी, हे पत्र आणि आधीचं, दोन्ही तिला मोठ्यानं वाचून दाखव. तो समोर बसलेला असला तरी.

बाई, तुझ्या सुनेचं पत्र आलं तेव्हा पहिला विचार आला की गप्प राहावं. तू मायसाठी गप्प राहिलीस, तसा मी तुझ्यासाठी. एकतीस वर्षं मला तेवढंच तर जमलं आहे. तू हसतेस म्हणे. तुझ्या ओसरीवर भाऊ बसलाय, तुझ्या हातचं मीठ खातोय, गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतोय. मी कधी ऐकलं? मी येऊन तुला त्याच्याहून जास्त काय देणार आहे?

आज सकाळी विहारात गेलो. सहा डिसेंबर, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मेणबत्त्या वाटणाऱ्यानं माझ्या डावीकडच्याला दिली, मग उजवीकडच्याला दिली. ग्यानबाला हाक मारली, तर त्यानं मान वळवून भलतीकडंच पाहिलं आणि परत हात जोडले. वंदना संपेपर्यंत मी रिकाम्या हातांनी बसून होतो. मला भीती वाटते, बाई. सरळ लिहितो, कारण सरळ लिहायची सवय मला आता लावून घ्यायची आहे.

विमानतळ बंद नव्हता. वादळ आलंच नव्हतं. तुझा फोन आला त्याच दिवशी माझी रजा मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं तिकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं. पण तीन दिवसांवर महोत्सवाची मोठी संध्याकाळ होती. दोन्हीकडचे मंत्री येणार होते, आठ महिने मी त्याच्यासाठी खपलो होतो. मी खण उघडला, बंद केला. म्हणालो, म्हातारा बसलाय ना माझ्या जागी. माझा त्या रिवाजावर विश्वास नव्हता, पण सोयीपुरता तो मला पुरला. माय गेली त्या वेळी मी उसना कोट घालून व्यासपीठावर समई लावत होतो. फोटो सोबत ठेवला आहे. बाह्या आखूड आहेत, बघ. मागं तारीख आहे. मी किती छान हसतोय तेही बघ.

त्याचं तोंड आणि माझं तोंड एकच. कपाळावरची खोक एकच. मीठ आता त्याला लागतं, मला लागत नाही. तुझ्या परीक्षेत तो उतरेल आणि मी पडेन. अख्खा गाव सांगेल की तो मायजवळ आला होता, त्यानं खांदा दिला. ते खरंच आहे. तो आला होता, म्हणून तर तो मी नाही. मायच्या वेळी जो आला नाही, तो तुझा भाऊ.

त्याला एकदा विचार, माय गेली तेव्हा तू कुठं होतास. मग तुला जे करायचं ते कर. त्यालाच ठेवून घेतलंस तरी मी तक्रार करणार नाही. पण मी नाही कसा आलो ते तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

धम्या


कारंजा लाड,
११ डिसेंबर २०२४

धम्या,

पिंकीनं दोन्ही पत्रं वाचून दाखवले. तो खुर्चीत बसून आयकत व्हता. वाचणं झाल्यावर मी त्याले इचारलं, "माय गेली तव्हा तू कुठी व्हता?"

तो म्हने, "तिथंच होतो. तिचा हात माझ्या हातात होता."

खोटं नाही बोलला तो. मी फोटो हातात धरून बसली. तुह्या बाह्या पाह्यल्या. मंग म्हतलं, "माहा भाऊ नव्हता तठी. तो दिवे लावत व्हता. तू तो नाही. ऊठ."

त्यानं माह्या हातातला फोटो पाह्यला. मंग उठला. मले म्हने, "मग मी कुठं जाऊ?"

मायचा हात त्यानं धरला व्हता, धम्या. त्या उन्हात तिले जो काई गारवा भेटला तो त्याच्याच हाताचा. उपाशी कसा लावून देऊ त्याले? पिंकीले दोन भाकरी टाकाले सांगतल्या, बिनमिठाच्या. फडक्यात बांधून देल्ल्या. त्यानं दोन्ही हातानं घेतल्या, कोट काढून खुर्चीवर ठेवला अन् सडकेनं निंघाला. ह्या खेपेले वळणावर उभा राहून त्यानं मांगं पाह्यलं. पिंकी म्हने, तुमी हात काहून हालवला? मले समजलं बी नाही मी हालवला म्हून.

तुले माफ केलं का नाही हे मले अजून माहीत नाही. तू समोर बसल्यावर पाहीन. बेसन करते. मीठ लागलं नाही त लागलं नाही म्हून सांगजो, हसू नोको.

कोट खुर्चीवरच हाय. मी त्याले हात लावला नाही. तुहा हाय, तूच उचल.

वाशीमवरून साडेदहाची गाडी हाय. सोता ये. कोणाले पाठवू नोको.

लिला